पोरींबद्दल विचारलं होतंस ना

प्रिय सुमे,

फोनवर तू विचारलंस, "हल्लीच्या नर्सिंगच्या पोरी कशा आहेत गं?" ड्युटीवर होते म्हणून "बऱ्यात" म्हणून सोडून दिलं. आता नीट लिहिते.

हात चांगला आहे पोरींचा. पण मेडिसिन वॉर्डात पॉयझनची केस, म्हणजे जीव द्यायला विष घेतलेलं कुणी, आलं की सूरच बदलतो. हार्ट अटॅकच्या आजोबांना "बाबा, बरं वाटतंय का?" विचारणारी मुलगी शेजारच्या कॉटवरच्या बाईला सुनावते, "पोरांचा तरी विचार करायचा होतास!" इंटर्न मुलंही त्याच माळेतली. परवा राउंडला एकाने हिस्टरी सांगितली: "नवऱ्याशी भांडण, अटेन्शनसाठी घेतलंय." झालं, बाईचा निकाल लागला.

पहिल्या वर्षाला याच पोरी अशा बाईजवळ रडतात. तिसऱ्या वर्षापर्यंत हे बोलणं येतं कुठून? आपल्याकडूनच, सुमे. कॅज्युअल्टीत पोट धुताना सीनियर काय काय बोलतात, तुला माहीत आहे. पुस्तकातलं परीक्षेपुरतं राहतं, हे मात्र अंगात मुरतं.

थकवा आहे, नाकारत नाही. रात्रभर विषावरचं ॲट्रोपिन द्या, डोळ्यांच्या बाहुल्या बघा, छाती ऐका. वर एमएलसी, म्हणजे पोलिस केसचे कागद, आणि नातेवाइकांची गर्दी. त्यात वैताग येणारच. पण खोलात विचारलं तेव्हा एक जण म्हणाली, "मॅडम, काय बोलायचं तेच कळत नाही. मी विचारलं आणि तिच्या डोक्यात परत तेच आलं तर?" रागावणं सोपं पडतं गं. त्यात पुढचं काही ऐकावं लागत नाही.

विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बऱ्याच जणांना हलकं वाटतं, हे त्यांना कुणी ठासून सांगितलंच नव्हतं. इंटर्नना मानसोपचार विभागात मिळतात दोन आठवडे. काही पोरींना तर ती बाई अजून गुन्हेगारच वाटते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ मी फळ्यावर लिहिलं: आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरायचं, आणि तिची काळजी, उपचार, पुनर्वसन हे सरकारचं कर्तव्य. असा प्रयत्न गुन्हा ठरवणारं दंड संहितेतलं जुनं कलम ३०९ तर २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तसं आलेलंच नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिलाय.

आता मी एक करते. स्टूल ओढून बसायचं, उभ्याने बोलायचं नाही. आधी नाव, मग कुठे दुखतंय, मग सरळ: "अजून तसे विचार येतात का?" "का केलंस" हा प्रश्न बंद. एक पोरगी बसून आली आणि म्हणाली, "मॅडम, त्या तीन रात्री झोपल्याच नाहीत. चार्टवर आपण 'झोप चांगली' लिहिलंय." तो चार्ट भरणाऱ्यांत तीही होती. मी काही बोलले नाही, बोलायची गरजच नव्हती.

माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. मानसोपचाराचा रेफरन्स डिस्चार्जच्या दिवशी लिहितात, आणि ओपीडीची रांग बघून माणसं तशीच एसटी पकडतात. धोका तर घरी गेल्यावरच्या दिवसांत जास्त. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत अभ्यास केला होता, त्यात आपलं चेन्नईही होतं. १,८६७ जण. अर्ध्यांना नेहमीचे उपचार, अर्ध्यांना त्याखेरीज तासभर बोलणं आणि दीड वर्षात नऊ वेळा चौकशी, फोनवर किंवा घरी जाऊन. आत्महत्येने मृत्यू पहिल्या गटात २.२ टक्के, दुसऱ्यात ०.२. ना महागडं औषध, ना मशीन! हे आकडे सांगितले तेव्हा मागच्या बाकावरची कुजबुज थांबली.

आम्ही आता डिस्चार्ज कार्डावर टेलि-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, १४४१६ नंबर लिहितो. पण नुसता नंबर म्हणजे फोन नव्हे. आमच्याकडे तो कुणी करायचा यावरून मॅट्रन आणि डॉक्टरांची चेंडूफेक चालू आहे. तुमच्या ग्रामीण रुग्णालयात आशाताईंना पाठवता म्हणालीस ना? गावात बोभाटा न होता त्या कशा जातात, घरच्यांना काय कारण सांगतात, ते सविस्तर लिही. पुढच्या बॅचच्या आधी हवंय.

तुझी,
माधवी