आई-बाबा, हा पिक्चर तुम्ही दोघांनी बघायचाच आहे

प्रिय आई, प्रिय बाबा,

नमस्कार. फोनवर सांगायला गेले की बाबा "बरं बरं, पाहू" म्हणतात आणि बोलणं गॅस सिलेंडरवर जातं, म्हणून यावेळी लिहूनच पाठवतेय. आई, तू चष्मा लाव आणि बाबांना सगळं वाचून दाखव, मधलं काही गाळू नको.

एक पिक्चर आहे, 'द टेल ऑफ द प्रिन्सेस कागुया' नावाचा, जपानी, 2013 चा, आणि हो, कार्टून आहे. बाबा, लगेच उठून जाऊ नका. आतापर्यंत मी जेवढे पिक्चर पाहिले, मराठी हिंदी इंग्लिश, खऱ्या माणसांचे सुद्धा सगळे धरून, त्यात मी याला अगदी वर ठेवते, आणि आई-बाप आणि लेक या विषयावर तर याच्याइतकं खरं मी दुसरं काहीच पाहिलं नाही. मास्टरपीस हा शब्द लोक कशालाही लावतात पण इथे तो मी पूर्ण विचार करून लावतेय.

गोष्ट साधी आहे. एक म्हातारा, जंगलात जाऊन बांबू तोडणारा, आणि त्याची म्हातारी, मूलबाळ नाही. एक दिवस त्याला एक कोंब उजळलेला दिसतो, तो डोळ्यांदेखत वाढतो, उमलतो आणि आत तळहातावर मावेल एवढी राजकन्या. तो तिला ओंजळीत धरून जपून घरी आणतो, बायकोच्या हातात देतो आणि तिथे तिचं रडणारं तान्हं बाळ होतं. ही जपानची फार जुनी कथा, दहाव्या शतकातली मानतात, तिथल्या शाळेत पोरं शिकतात. आई, म्हातारी बाळाला घेऊन दूध पाजणारी बाई शोधायला निघते आणि वाटेतच तिला स्वतःला पान्हा फुटतो, ते एवढं साधेपणाने दाखवलंय की मला काही सुचेना, कुठे मोठं म्युझिक नाही, चमत्कार झाला म्हणून कोणी हात जोडत नाही, ती बसते आणि पाजते बस.

मग ते बाळ भराभर वाढतं, आठवड्यात महिन्याएवढं, आणि इथे एक प्रसंग आहे त्यासाठी एकट्यासाठी सुद्धा हा पिक्चर बघावा. बाळ नुकतं चालायला लागलंय. कुंपणाकडून गावातली पोट्टी टाळ्या वाजवून तिला "कोंब, ए कोंब" अशी हाक मारतात (बांबूचा कोंब, आपल्याकडे पावसाळ्यात ज्याची वास्त्याची भाजी करतात ना तोच) आणि ती हसत त्यांच्याकडे वळते. ते पाहून म्हातारा घरातून "राजकन्या, राजकन्या" ओरडायला लागतो, हात पसरून, आधी लाडाने, मग जोरात, मग अगदी जीव काढून, कारण पोर त्या पोरांकडे निघालीय. ती थांबते, मागे बघते, डुगडुगत बापाकडे यायला लागते आणि त्याला तेवढंही थांबवत नाही, तो धावतच जाऊन तिला उचलून घट्ट धरतो, रडतोच. एवढंच. पुढचा सगळा पिक्चर या एका अंगणात आहे, पोरं एकीकडून बोलावून राहिली, बाप दुसरीकडून, आणि दोन्हीकडे फक्त मायाच आहे.

आता चित्रांबद्दल, कारण तुम्ही म्हणाल कार्टून ते कार्टून. नेहमीच्या कार्टूनमध्ये माणसाची रेघ पक्की, बंद असते आणि आत सपाट रंग भरलेला असतो, मागचा देखावा वेगळा रंगवतात आणि माणूस त्याच्यावर चिकटवल्यासारखा दिसतो. इथे तसं काहीच नाही. रेघ कोळशाने काढल्यासारखी, कुठे जाड कुठे बारीक, मधेच तुटलेली, आणि रंग म्हणजे पातळ वॉटर कलर, तो सुद्धा कडेपर्यंत न नेलेला, कोपऱ्यात कागद तसाच पांढरा सोडलाय. बघायला अगदी सहज वाटतं पण याच्याइतकं अवघड काही नाही, कारण रेघ तुटकी असली की कॉम्प्युटरवर एका फटक्यात रंग भरता येत नाही, तो बाहेर पसरतो, आणि माणूस आणि मागचं झाड एकाच हाताने काढल्यासारखं दिसायला हवं म्हणून प्रत्येक चित्रामागे दुप्पट तिप्पट खटाटोप. ओसामु तानाबे नावाच्या चित्रकाराने माणसं काढली आणि काझुओ ओगा यांनी देखावे. पिक्चरला सुमारे आठ वर्षं लागली. पाच अब्ज येनच्या आसपास खर्च झाला, जपानमध्ये तोवरचा सगळ्यात महागडा पिक्चर म्हणतात, आणि थेटरात तेवढे पैसे काही परत आले नाहीत. ऑस्करचं नामांकन मिळालं, ऑस्कर दुसऱ्याच पिक्चरला गेलं. मला विचाराल तर तो निकाल चुकीचा होता.

आणि बाबा, दिग्दर्शक कोण तर इसाओ ताकाहाता. पिक्चर आला तेव्हा वय 78. तुम्ही आजकाल सारखं म्हणता ना की आता या वयात काय नवीन करायचं, म्हणून सांगतेय. हे स्वतः चित्रं काढत नव्हते, सगळं दुसऱ्यांच्या हातून काढून घ्यायचे, आणि ही गोष्ट तरुणपणी स्टुडिओत नोकरीला लागले तेव्हापासून त्यांच्या डोक्यात होती. लहानपणी, 1945 मध्ये, ओकायामा शहरावर बॉम्ब पडले त्यातून ते वाचले, तेव्हा नऊ वर्षांचे. 'प्रिन्सेस कागुया' हा त्यांनी दिग्दर्शित केलेला शेवटचा, 2018 मध्ये वारले. शेवटचं काम म्हणून माणसाने काय निवडलं तर एक पोर, तिचे आई-बाप, गवत, किडे, पक्षी.

पुढे काय होतं ते थोडंसंच सांगते. म्हाताऱ्याला बांबूत सोनं सापडतं, भरजरी कापड सापडतं, आणि तो समजतो की देवाचीच इच्छा आहे हिला मोठ्या घरची राजकन्या करायची. राजधानीत वाडा बांधतो, शिकवायला बाई ठेवतो, आणि एक दिवस सगळ्यांना घेऊन निघतो, पोरीला मित्रांचा निरोप सुद्धा घेता येत नाही. त्या वाड्यात तो उंच काळी टोपी सांभाळत फिरत असतो, मोठ्या लोकांसमोर वाकत असतो, अवघडलेला, आणि तरी मनातून एवढा खुश की बघवत नाही, कारण त्याला वाटतंय की लेकीचं भलं होऊन राहिलं.

बाबा, हे वाचून तुम्हाला काय वाटलं असेल मला माहीत आहे. मागे तुम्ही म्हणाले की ब्रम्हपुरीकडचं घर, धानाची बांधी, सगळं सोडून नागपूरला आलो तुझ्या शिक्षणासाठी, आणि तू शिकून नागपूरही सोडलं, मग बरोबर केलं की नाही कोण जाणे. मी तेव्हा नुसतं "असं काय बोलता" म्हटलं. आता नीट सांगते. माझी काहीच तक्रार नाही, एवढीशी सुद्धा नाही, त्या शाळेमुळे, त्या भाड्याच्या दोन खोल्यांमुळे आणि तुमच्या सायकलमुळे मी आज आहे तिथे आहे आणि इथे मी खरंच सुखात आहे. आणि धुऱ्यावरून पळणं, बोडीतलं गढूळ पाणी, हे मला अजून आठवतं आणि कधीकधी पोटात तुटतं, हेही तेवढंच खरं आहे. या दोन गोष्टी एकमेकीला खोटं पाडत नाहीत. हा पिक्चर मला म्हणूनच एवढा मोठा वाटतो, त्यात त्या बापाला कुठेच व्हिलन केलेलं नाही आणि पोरीचं दुःखही कुठे झाकलेलं नाही. ती सगळं सोसते, कारण बाप तिच्यासाठी झटून राहिला हे तिला दिसतं, आणि त्याला तिच्या मनातलं कळत नाही हेही दिसतं.

त्या म्हाताऱ्याचा आवाज ताकेओ चिइ नावाच्या नटाचा आहे. जपानमध्ये बहुतेक चित्रं आधी होतात आणि आवाज नंतर भरतात, इथे उलटं केलं, आवाज आधी घेतले आणि त्यावर चित्रं काढली. पिक्चर पूर्ण व्हायच्या आत, 2012 मध्ये, चिइ वारले, त्यामुळे पडद्यावर जो म्हातारा रडतो, आनंदाने ओरडतो, तो एका गेलेल्या माणसाच्या आवाजावरून काढलेला आहे. हे माहीत असून बघितलं की "राजकन्या, राजकन्या" ही हाक वेगळीच ऐकू येते.

आई, तुझ्यासाठी त्यातली म्हातारी आहे. वाड्यात आली तरी ती पुढच्या दालनात रमत नाही, मागच्या बाजूला आपली छोटी जागा करून घेते, तिथे चूल, माग, भाजीचा तुकडा. लेकीला जीव नकोसा झाला की ती तिथे मागे येऊन बसते, मातीत हात घालते, आपल्या डोंगराचं छोटंसं गाव मांडते. मला थेट आपल्या प्रतापनगरच्या घरामागचा तो ओटा दिसला, तू घरमालकीणीला विचारून लावलेली वांगी आणि सांबार, आणि परीक्षेच्या दिवसात मी पुस्तक घेऊन तिथेच येऊन बसायची, तू काही न बोलता शेंगा सोलत राहायची. त्या म्हातारीला लेकीच्या मनातलं सगळं आधीपासून कळतं, ती फार बोलत नाही. तुझ्यासारखीच.

पाच मोठे सरदार लग्नासाठी येतात तो भाग मजेचा आहे, ते तिला न बघताच तिची तुलना दुर्मिळ वस्तूंशी करतात आणि ती म्हणते मग आणा त्या वस्तू. त्यात एक भगवान बुद्धांचं दगडी भिक्षापात्र पण आहे. हा भाग तुम्हाला आपोआप आवडेल, जास्त सांगत नाही.

पण एक जागा सांगतेच. तिच्या नावाची मोठी मेजवानी असते, ती पडद्याआड एकटी बसलेली, आणि बाहेर दारू प्यायलेले पाहुणे तिच्याबद्दल आणि तिच्या बापाबद्दल नको ते बोलतात. तिच्या हातातला शिंपला फुटतो आणि ती उठून पळत सुटते. त्या क्षणी इतका वेळचं सगळं नाजूक चित्र मोडून पडतं, रेघा काळ्या, रागाने खरडलेल्या, दारं धाडधाड उघडतात, अंगावरची एकेक भारी वस्त्रं मागे पडत जातात, चेहरा सुद्धा नीट दिसत नाही, फक्त धावणं आणि वर चंद्र. माणसाला राग आला की आतून कसं होतं ते मी कुठल्याच नटाच्या चेहऱ्यावर असं पाहिलेलं नाही.

शेवट सांगत नाही. एवढंच की शरदातल्या पौर्णिमेला चंद्रावरची मंडळी ढगावर बसून येतात, मधे बुद्धांसारखी शांत आकृती, आणि संगीतकार जो हिसाइशी यांनी तिथे जे म्युझिक दिलंय ते चक्क आनंदाचं, नाचावं असं वाटणारं आहे. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं इथे असं कसं, आणि मग कळलं की त्या मंडळींना दुःख माहीतच नाही म्हणून ते म्युझिक तसं आहे, आणि खाली उभे असलेल्या आई-बापाकडे बघून मला ते सहन होईना.

आता कामाचं. नेटफ्लिक्सवर आहे, समोरच्या फ्लॅटमधल्या पोराला सांगा तो शोधून देईल, आवाज जपानीच ठेवायला सांगा आणि खाली इंग्लिश अक्षरं लावायला. आई, तुला वाचायला वेळ लागला तर बाबा पॉज करतील, तसंही पुष्कळ ठिकाणी कोणी बोलतच नाही, नुसतं बघायचं आहे. 2 तास 17 मिनिटं आहे, एका बैठकीत जड वाटलं तर त्या पळण्याच्या प्रसंगानंतर चहा करा आणि मग पुढे लावा. दुपारी नको, खिडकीतून उजेड येतो आणि ते फिके रंग दिसणार नाहीत, रात्री जेवणं आटोपल्यावर दिवा मालवून बघा. कोजागिरीला गच्चीवर सगळे जमतात त्याच्या आधीच्या एखाद्या रात्री बघितलात तर फारच छान. बाबांनी डोळ्याचे थेंब आधी घालून घ्यावेत.

मधे कोणाचा फोन घेऊ नका, माझा आला तरी. संपलं की लगेच मला लावा, कितीही वाजले असले तरी, मला आधी बाबांशी बोलायचंय, तो बाप त्यांना कसा वाटला ते ऐकायचंय.

तुमची,
मोठी