स्टार्व्हड रॉकच्या नदीकाठी भेटलेल्या काकांना

प्रिय काका,

जानेवारीतल्या त्या शनिवारी स्टार्व्हड रॉक स्टेट पार्कमध्ये काठी टेकत आलेली माझी आई तुम्हाला आठवत असेल. तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. कोटावरच्या बिल्ल्यावर फक्त ‘स्वयंसेवक’ लिहिलं होतं. आई म्हणते, “भाऊंना पत्र लिही, आणि मराठीतच लिही. कुणीतरी वाचून दाखवील.”

आई महाडची. वय ७२, दोन्ही गुडघे झिजलेले. महिनाभर शिकागोतल्या आमच्या घराच्या खिडकीतून बर्फ बघून ती कंटाळली होती. पार्कात पोचलो आणि माझा धीर सुटला. १२५ फुटांचा तो खडक, वर जायला पायऱ्या, घळींच्या वाटांवर घट्ट झालेला बर्फ. तिला गाडीत बसवून मुलीबरोबर पटकन एक फेरी मारून यावी, असं मी मनात ठरवूनही टाकलं होतं.

तुम्ही मात्र थेट तिच्याकडे बघून विचारलंत, “तुम्हाला काय बघायला आवडेल?” मी तिला हे एकदाही विचारलं नव्हतं. ती म्हणाली, “गरुड.”

मग तुम्ही तुमची घडीची खुर्ची नदीकाठच्या सपाटीवर मांडलीत आणि दुर्बिणीची तिपाई तिच्या डोळ्यांच्या उंचीला आणलीत. उत्तरेकडची तळी गोठली की गरुड इलिनॉय नदीवर उतरतात. धरणाखालचं पाणी उसळतं राहतं म्हणून गोठत नाही, आणि मासे आयते मिळतात, हे तुम्ही सांगत होता, मी मराठीत सांगत होते. पांढऱ्या डोक्याचे ते मोठे, तपकिरी ती पिल्लं, डोकं पांढरं व्हायला पाचेक वर्षं लागतात. तुमच्या लहानपणी इथे एकही दिसत नसे, डीडीटी या कीटकनाशकामुळे अंड्यांची कवचं पातळ होऊन फुटायची, १९७२मध्ये बंदी आली तेव्हा कुठे ते हळूहळू परतले. हे सांगताना तुमचा आवाज जड झाला. आईने भाषांतराची वाट न बघता तुमच्या हातावर हात ठेवला.

आईजवळ तुम्ही बसलात आणि आम्हा मायलेकींना फ्रेंच कॅन्यनला पाठवलंत, तेही स्वतःच्या बुटांवरचे लोखंडी दातांचे पट्टे काढून मला देऊन. “वाट सोडू नका, वाळूच्या दगडाच्या कडा ठिसूळ असतात,” एवढंच बजावलंत. ओढ्याने तो पिवळसर दगड कापत कापत केलेली ती अरुंद घळ, आणि शेवटी उभाच्या उभा गोठलेला धबधबा! कान लावला तर बर्फाच्या आत पाणी वाहताना ऐकू येत होतं. अशा १८ घळी इथे आहेत म्हणे.

परत येऊन आईला व्हिडिओ दाखवला. “ही तर आपली शिवथरघळ,” ती म्हणाली, “पाणी तेवढं थांबलंय.” तुम्ही तो शब्द वहीत लिहून घेतलात. आणि तिने तोवर अकरा गरुड मोजले होते. त्यातल्या एकाने तिच्यासमोर मासा उचलला, हे ती आता महाडला फोन करून प्रत्येकाला सांगते.

तुमचे पट्टे माझ्याकडेच राहिलेत. आई मार्चमध्ये परत जाईल. त्याआधीच्या एका शनिवारी आम्ही येतो आहोत. तिने गावाहून आणलेली फणसाची साटं तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवली आहेत.

तुमची ऋणी,
एक लेक