माळ्यावरचा जुना ट्रायपॉड चित्रकलेच्या मुलांना द्या

संगम माहुलीचा घाट, लिंबची बारा मोटेची विहीर, मेणवली, पावसाळा सरतानाचं कास. साताऱ्याच्या आसपास जागेवर बसून रंगवण्यासारखं इतकं आहे, पण एलिमेंटरी-इंटरमिजिएटची बरीच मुलं अजून मांडीवर पॅड घेऊन रंगवतात. मांडीवर कागद आडवा राहतो. जलरंगाचं पाणी खाली सरकायच्या ऐवजी जागीच साचतं आणि आकाशाचा सलग वॉश (पातळ रंगाचा थर) डागाळतो. बोर्डाला १५-२० अंशांचा उतार मिळाला, तर यातला निम्मा त्रास संपतो.

या हंगामासाठी आमच्या मंडळाला ट्रायपॉडवर बसणाऱ्या बोर्डांचे १२ संच तयार करायचे आहेत. बाजारातले हलके अ‍ॅल्युमिनियमचे इझल (चित्राचा बोर्ड ठेवायचे स्टँड) आम्ही मुद्दाम टाळतोय. ते वाऱ्याला उलटतात, आणि घाटावरची वाळू नळ्यांत शिरली की पायांचे खटके धरत नाहीत. कॅमेऱ्याचा जुना, जाड पायांचा ट्रायपॉड त्यापेक्षा कितीतरी भरवशाचा. त्याचं डोकं हवं तितकं कलतं. फोटो स्टुडिओंत आणि घरांच्या माळ्यांवर असे ट्रायपॉड पडून आहेत, तेच आम्हाला हवे आहेत.

देण्याआधी पाय पूर्ण उघडून वरून दोन्ही हातांनी दाबून बघा. पाय घसरला तर खटका गेलेला आहे. निदान ३ किलो वजन पेललं पाहिजे. वर कॅमेरा बसवायची छोटी प्लेट असते, ती जरूर शोधा. बहुतेक वेळा तीच हरवलेली असते आणि तिच्याविना बोर्ड बसवता येत नाही.

बोर्ड आम्ही करून घेऊ. ६ मिमी वॉटरप्रूफ प्लायच्या ८ बाय ४ फुटी एका तक्त्यातून साधारण १६ बाय २४ इंचांचे बरोबर १२ बोर्ड निघतात. १५ बाय २२ चा अर्धा इम्पिरियल कागद त्यावर बसतो आणि भोवती टेपला जागा उरते. एमडीएफ नको, पाणी लागलं की फुगतो. प्लायच्याही कडांना वॉर्निशचे दोन हात हवेतच, नाहीतर पापुद्रे सुटतात. मागे मधोमध १८ मिमीचा ३ इंची ठोकळा आणि त्यात एक दोन-सुती, म्हणजे पाव इंची, टी-नट (लाकडात ठोकून बसवायचा नट); ट्रायपॉडचा स्क्रू यातच बसतो. हा नट ठोकळ्याच्या आतल्या बाजूने ठोकून मगच ठोकळा बोर्डाला चिकटवायचा. बाहेरून ठोकला तर स्क्रू आवळताना तोच ओढला जाऊन निघतो. ६ मिमीचा नट दिसायला तसाच असतो, पण दोन फेऱ्यांत अडकतो. जोर केला की ट्रायपॉडच्या स्क्रूचे आटे मरतात. एखाद्या सुतारमित्राने एक दिवस दिला तर हे सगळं काम उरकेल. पैसे द्यायची इच्छा असणाऱ्यांनी प्लायचा तक्ता किंवा वॉर्निशचा डबाच आणून द्यावा.

यासोबत कापडी बैठकीची घडीची स्टुलं, रुंद तोंडाच्या प्लॅस्टिकच्या बरण्या (एका मुलाला दोन: एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ पाण्याची) आणि झाकणाचे ५ लिटरचे कॅन हवेत. कासच्या सड्यावर माती अगदी पातळ आहे. तिथे आम्ही वाटेवरच थांबतो आणि रंगाचं पाणी कॅनमधून परत आणतो.

छत्र्या काळ्या किंवा करड्याच द्या. लाल-निळ्या छत्रीचा रंग कागदावर उतरतो, आणि घरी येऊन पाहिलं की चित्र भलतंच दिसतं. छत्री ट्रायपॉडला बांधायची नसते, वारा भरला की सगळंच आडवं होतं. ट्रायपॉडखाली दगड भरून टांगायला जाड कापडी पिशव्या मात्र लागतील.

सुकलेल्या जलरंगाच्या ट्यूबा टाकू नका. त्या चिरून आतला रंग पॅलेटच्या खाचेत ठेवला आणि ओला केला की पुन्हा चालतो. सुकलेलं अ‍ॅक्रिलिक मात्र उपयोगाचं नाही.

दर रविवारी सकाळी ७ ते ९ आम्ही संगम माहुलीच्या घाटावर असतो. वस्तू तिथेच आणा. ट्रायपॉड तुमच्यासमोर उघडून तपासू आणि चालणार नसेल तर लगेच परत देऊ.