प्रॅक्टिकलचे मार्क प्रोग्रॅमला की अक्षराला?

संपादक साहेब, नमस्कार.

माझं शिवाजी उद्यमनगरात छोटं मशीन शॉप आहे, दोन लेथ आणि एक सीएनसी (कॉम्प्युटरच्या हुकमावर चालणारं मशीन), पंपाचे व्हॉल्व्हचे पार्ट जॉबवर्कवर करून देतो. कॉम्प्युटर सायन्सवर बोलायचा माझा तसा काही अधिकार नाही, मी आयटीआयवाला माणूस. पण थोरली पोरगी कोल्हापुरातल्याच एका कॉलेजात बीसीएसला, म्हणजे कॉम्प्युटरच्या पदवीला आहे आणि वर्षभर घरात जे बघतोय ते बघून गप्प बसवेना म्हणून लिहितोय. पत्र लांबलं तर बिनधास्त कात्री लावा.

झालं असं, एका रात्री मी बिलं करत बसलो होतो. २५० नग, नगाला १६० रुपये. पोरगी म्हणाली पप्पा थांबा, आजच गुणाकाराचा प्रोग्रॅम केलाय, त्यात टाकते. लॅपटॉपवर ती निळी खिडकी उघडली, आकडे टाकले आणि उत्तर आलं उणे २५,५३६. म्हणजे पार्टीनं मला चाळीस हजार द्यायचे सोडून मीच पार्टीचं पंचवीस हजार देणं लागतो! लई हसलो आम्ही. मग तोच प्रोग्रॅम तिनं मोबाईलवर एका ऑनलाइन कंपायलरला (लिहिलेला प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत करून देणाऱ्या सॉफ्टवेअरला) दिला तर तो चालेचना, वरची कोनिओवाली ओळ आणि स्क्रीन पुसायची ओळ काढली, व्हॉइड मेनचं इंट मेन केलं, तेव्हा कुठं चालला आणि उत्तर आलं ४०,०००.

कारण तिनंच शोधून काढलं. कॉलेजात जे वापरतात ते टर्बो सी, बोर्लंड कंपनीचं, १९९० च्या आसपासचं, विंडोजच्या आधीच्या डॉसच्या जमान्यातलं. आजच्या विंडोजवर ते सरळ चालतसुद्धा नाही, डॉसबॉक्स नावाचं डॉसचं सोंग आधी उभं करावं लागतं. त्यात इंट, म्हणजे पूर्ण आकडा ठेवायचा खण, दोन बाइटचा, ३२,७६७ च्या वर आकडा गेला की काटा उलटा फिरून उणेत जातो. आजच्या कंपायलरात तो बहुतेक चार बाइटचा असतो, दोनशे चौदा कोटींपर्यंत काळजी नाही. हे मला चटकन समजलं, कारण आमच्याकडं पण असंच असतं. काही सीएनसी कंट्रोलवर एक्स १० लिहिलं आणि पुढं पॉइंट द्यायचा राहिला तर मशीन १० मिलिमीटर समजत नाही, १० मायक्रॉन समजतं. तुम्ही काय लिहिलं त्याला किंमत नाही, मशीननं काय घेतलं त्याला आहे. नवीन पोरगं ऑपरेटर म्हणून आलं की पहिल्या आठवड्यात ही गोष्ट त्याच्या डोक्यात बसते, न बसून सांगतो कुणाला, टूल तुटल्याचा आवाज अख्ख्या गल्लीत जातो.

आता खरी गंमत ऐका. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, इंट किती बाइटचा? पोरगीनं सांगितलं, सर ते कंपायलरवर आहे, टर्बोत दोन, आता बऱ्याच ठिकाणी चार. सर म्हणाले एकच उत्तर सांग. जर्नलात, म्हणजे प्रॅक्टिकलच्या वहीत, दोन लिहिलंय म्हणून तिनं दोन सांगितलं आणि सुटली. घरी येऊन मला विचारते, पप्पा मी खोटं बोलले का? काय सांगणार तिला.

माझं सगळं दुखणं त्या जर्नलचं आहे. सेमिस्टर संपायच्या आधी दोन-तीन आठवडे आमच्या घरात लग्नघर असल्यासारखी धावपळ असते. उजव्या पानावर प्रोग्रॅम निळ्या पेनानं, डाव्या कोऱ्या पानावर आउटपुट पेन्सिलनं, समास, अनुक्रमणिका, प्रत्येक पानावर सही. तिच्या एका मैत्रिणीच्या जर्नलात आउटपुट सुंदर अक्षरात आहे आणि तो प्रोग्रॅम जन्मात एकदाही चाललेला नाही! दुसरीच्या जर्नलावरून उतरवला, उतरवताना एक अर्धविराम खाल्ला, सही मात्र झाली. नव्या शैक्षणिक धोरणात प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरला ३० तास मशीनवर बसणं असं पोरगी सांगते, तीन वर्षांच्या पदवीला १३२ क्रेडिट, चौथं वर्ष केलं तर १७६. आकडे चांगलेच आहेत, पण त्यातले कीबोर्डवर किती तास जातात आणि पट्टी-पेन्सिलीत किती जातात ते कुणीतरी एकदा लॅबच्या दारात बसून मोजावं.

सी भाषा जुनी आहे म्हणून माझी तक्रार नाही बरं का. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमाराला बेल लॅब्जमध्ये ती केली असं वाचलं, लेथ तर त्याच्याहून किती जुना, आणि ज्याचा हात लेथवर बसलाय तोच पोरगा सीएनसीवर चांगला तयार होतो हे मी तीस वर्षं बघतोय. भाषा राहू दे. पण जीसीसी नावाचा कंपायलर १९८७ पासून फुकट मिळतोय, लिनक्सही फुकट, त्यावर सी कसं चालवायचं ते आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये मराठीतनं ऐकायला मिळतं. पोरगी तिथंच शिकली. पोरीनं सिलॅबसचा कागद दाखवला त्यात सी लिहिलंय, टर्बो कुणीच लिहिलेलं नाही. मग सोडवत नाही ते का, तर जर्नल ठरलेलं, प्रश्न ठरलेले, उत्तरं ठरलेली. कंपायलर बदलला की सगळ्यांची वही बदलणार.

शिकवणाऱ्यांवर माझा राग नाही. तिला शिकवणारे एक सर तासिकेवर आहेत, दुपारी दुसऱ्या कॉलेजात जातात, मोटरसायकलला डबा अडकवलेला असतो, पगार वेळेवर येईल का हेच त्यांना माहीत नसतं. त्यांनी रात्री बसून नवीन प्रॅक्टिकल तयार करावीत असं मी कुठल्या तोंडानं म्हणू?

म्हणून मागणी एकच करतो, शिकवणं कसं बदलायचं ते शहाण्यांनी बघावं, विद्यापीठानं परीक्षा तेवढी बदलावी. मी ऑपरेटर घेताना त्याला जी-कोड (सीएनसीचा प्रोग्रॅम) सुंदर अक्षरात लिहून आण म्हणत नाही. ड्रॉइंग देतो, चाळीसचा व्यास अडतीस कर म्हणतो आणि बाजूला उभा राहतो. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत पण पोरानं केलेला प्रोग्रॅम त्याच्यासमोर उघडावा आणि जागेवर एक बदल सांगावा, बिलात आता सूट धर, नावाऐवजी नंबरनं शोध. अर्धा तास द्यावा, मदतीची पानं उघडी ठेवावीत, चुका दुरुस्त कशा करतो ते बघावं. जर्नलचे मार्क ठेवायचेच असतील तर दोन-चार ठेवा. उतरवून आणणारा पाच मिनिटांत कळेल आणि अक्षर वाईट म्हणून मागं पडणारी गडहिंग्लज-राधानगरीकडची एसटीनं येणारी पोरं पुढं येतील.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचं तर बोलायलाच नको. लायब्ररी मॅनेजमेंट, हॉस्पिटल मॅनेजमेंट, हॉटेल मॅनेजमेंट, नाव बदलून तेच, आणि पैसे मोजले की तयार मिळतं हे सगळ्यांना माहीत आहे. अहो कोल्हापुरात कामाला तोटा आहे का? पावसाळ्यात अख्खं गाव पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी मोबाईलवर बघत असतं, ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका हे शाळेतल्या पोराला पाठ आहे. ते रोजचे आकडे घेऊन पोरांनी काहीतरी करावं की. किंवा शिरोली एमआयडीसीत जावं, फौंड्रीत प्रत्येक हीटचा (एका वेळी वितळवलेल्या धातूचा) नंबर आणि केमिस्ट्री रजिस्टरात लिहितात, गिऱ्हाइकानं कास्टिंग परत पाठवलं की सुपरवायझर अर्धा दिवस तीच पानं चाळत बसतो. माझ्याकडं पण जॉबकार्डाचा ढीग आहे, कुठला नग कुठल्या मशीनवर किती वेळ होता हे मला अजून बोटावर मोजावं लागतं.

ऑन जॉब ट्रेनिंग आता लागतंच म्हणतात, आणि त्यासाठी नुसतं सर्टिफिकेट देणारे पण निघालेत. मला सर्टिफिकेट छापायचं नाही. दोन-तीन पोरं-पोरी खरंच येणार असतील तर जॉबकार्डं घेऊन बसा, चहा माझा. माझा पत्ता संपादकांकडे आहे. संध्याकाळी सातनंतर मशीन बंद असतं, बोलायला आवाज चढवावा लागत नाही.

आपला,
एक पालक, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर