नाव तरी छापायचे होते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत ‘भंगारातली गंमत’ या मथळ्याखाली अमेरिकेतल्या विल्सन गावच्या लोखंडी भिरभिऱ्यांचे फोटो पाहिले. फोटो सुरेख आहेत. पण ती ज्याने घडवली त्याचे नाव अख्ख्या पानात कुठेही नाही. कालपासून मला चैन नाही.

त्यांचे नाव व्हॉलिस सिम्प्सन. यंत्रदुरुस्तीचे शेड चालवणारा हा माणूस साठी उलटल्यावर या कामाला लागला. महायुद्धात सायपान बेटावर असताना त्यांनी मोडक्या बी-२९ विमानाचे भाग वापरून वाऱ्यावर चालणारे कपडे धुण्याचे यंत्र केले होते. याला गंमत म्हणतात का? मी तीस वर्षे लेथवर काढली आहेत. चाळीस-पन्नास फूट उंचीवरचा तो डोलारा झुळकीलाही फिरला पाहिजे आणि वादळातही टिकला पाहिजे. बॅलन्स जरा चुकला की बेअरिंग वाजायला लागते.

माझी मुलगी अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या रॅले शहरात असते. तिच्याकडे गेलो तेव्हा तासाभरावरच्या विल्सनला हट्टाने गेलो. २०१७ साली तिथे खास बाग करून ही भिरभिरी मांडली आहेत. त्याआधी ती सिम्प्सन यांच्या शेडजवळ रस्त्याकडेलाच उभी होती. रस्त्यावरच्या पाट्यांचे चमकणारे पत्रे कापून त्यांनी भिरभिऱ्यांवर असंख्य तुकडे लावले होते. रात्री गाडीचा उजेड पडला की सगळे लखलखायचे. (आमच्या बायपासच्या दुभाजकाला एक रिफ्लेक्टर धड नाही. तीन अर्ज दिले, उत्तर नाही. यावरही कधी लिहा.)

आता माझे सांगतो. निवृत्तीनंतर सात महिने खपून मी एक मोर केला होता. मान मोटारसायकलच्या चेनची, एकेक कडी वेल्ड करून वळवलेली. पिसाऱ्याला सायकलची फ्रीव्हील, डोळ्याला बेअरिंगची गोळी. फाटकाबाहेर गटाराच्या कडेला उभा केला होता, कुणाच्या वाटेत नव्हता. शाळेत जाणारी पोरे जाता-येता फ्रीव्हील फिरवायची, त्याची टिकटिक मला घरात ऐकू यायची. एक दिवस अतिक्रमणवाल्यांची गाडी आली आणि मोर उचलून घेऊन गेली. नोटीस नाही, पंचनामा नाही. दहा दिवस खेटे घातल्यावर कळले, लिलावात गेला, किलोच्या भावाने. आमच्याच चौकात नंतर फायबरचे हरीण बसवले.

दिल्लीत तिथल्या महापालिकेनेच २०१९ साली सुमारे दीडशे टन भंगारातून जगातली सात आश्चर्ये उभी करून घेतली. लोक तिकीट काढून बघतात. विल्सन ज्यात येते त्या नॉर्थ कॅरोलायना राज्याने तर २०१३ साली सिम्प्सन यांची भिरभिरी आपली अधिकृत लोककला म्हणून जाहीर केली. आमच्याकडे हाताने केलेल्या कामाला वजनकाटा लावतात, आणि तुमच्यासारखे जाणते वृत्तपत्रही त्याला ‘गंमत’ म्हणते, याचे फार वाईट वाटते.

माझा मोर गेला, तो परत येणार नाही. तेवढी एक दुरुस्ती मात्र येत्या रविवारी छापा, छोट्या चौकटीत का होईना. व्हॉलिस सिम्प्सन, जन्म १९१९, मृत्यू २०१३.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त टर्नर