त्या कागदाच्या चौकोनाबद्दल आभार, मॅडम

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुद्दाम उघड लिहितो आहोत. पाकिटात घालून पाठवलं असतं तर "माझं कामच होतं ते" म्हणून तुम्ही ते घडी करून ड्रॉवरमध्ये टाकलं असतं. वणीकडच्या कापूसवाल्या काकांचा डोळा जागेवर आहे, त्यात नजर आहे, आणि त्याला कारण तुम्ही ऑपरेशन टेबलाशी घालवलेलं एक मिनिट आहे. म्हणून हे चारचौघांत सांगायचं.

आपल्याकडे लोक "डोयात मास आलं" म्हणतात. या एका वाक्यात दोन अगदी वेगळे आजार लपतात. एक वेल. ती बहुतेक नाकाच्या बाजूने येते, पंखासारखी त्रिकोणी असते आणि उन्हाधुळीत राबणाऱ्यांच्या बुबुळावर हळूहळू सरकते. दुसरा म्हणजे डोळ्याच्या पृष्ठभागावरच्या पेशींचा कर्करोग. तो जेलीसारखा दिसतो, वर कधी पांढरी खपली असते, त्याच्याकडे जाड रक्तवाहिन्या धावलेल्या असतात आणि 'रोज बेंगॉल' नावाच्या रंगाचा थेंब टाकला की तो गुलाबी रंग धरतो. स्लिट लॅम्प या डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाच मिनिटं बसलं तर किमान शंका तरी येते. पेशंट तरुण असेल तर एचआयव्हीची तपासणीही सुचायला हवी.

काकांना हा दुसरा आजार होता, पण कुणाला काही सुचलं नाही. दोन वर्षांत दोनदा कापलं. दोन्ही वेळा तुकडा तपासणीला न जाता कचऱ्याच्या डब्यात गेला, आणि दोन्ही वेळा खालचा पांढरा भाग उघडाच सोडला. बरं, वेल असती तरी हे चूकच. उघडं सोडलं तर वेल परत येण्याचं प्रमाण कित्येक अभ्यासांत निम्म्याच्या वर आहे. त्याच डोळ्याच्या वरच्या भागातला पातळ पापुद्रा काढून तिथे बसवला तर ते पाच-दहा टक्क्यांवर येतं. हे 1985 पासून छापील आहे. "परत आलं तर परत कापू" हे उत्तर ज्यांनी दिलं त्यांची नावं आम्ही घेत नाही. ते हे वाचत असतील तर ओळखतील.

आता त्या मिनिटाबद्दल. गाठीभोवतीचा 4 मिलिमीटर निरोगी भाग धरून तुम्ही तुकडा काढला, पण तो थेट बाटलीत टाकला नाही. ग्लोव्हजच्या पाकिटातला आतला निर्जंतुक कागद घेतला, आगपेटीएवढा चौकोन कापला आणि त्यावर तुकडा चिमट्याने चारी बाजूंनी हलकेच पसरवला, पुरणपोळीची कड सारखी करावी तसा. कडेला पेन्सिलीने लिहिलं: "नाक", "वर", "बुबुळ". पेन्सिल अशासाठी की पेनची शाई फॉर्मालिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवायच्या द्रावणात, पसरते. तुकडा कागदाला चिकटेपर्यंत थांबलात, मग कागदासकट 10 टक्के फॉर्मालिनमध्ये अलगद सोडला. नाव बाटलीच्या अंगावर लिहिलं, झाकणावर नाही, कारण झाकणं बदलतात. काकांच्या मुलाच्या हातात बाटली देताना म्हणालात, "बर्फात ठेवायची नाही, एसटीत पायाशी ठेवायची नाही, मांडीवर धर."

डोळ्यावरचं हे आवरण इतकं पातळ असतं की नुसतं टाकलं तर फॉर्मालिनमध्ये वाळल्या पानासारखं गुंडाळतं. मग लॅबवाल्याने कड कुठली आणि तळ कुठला हे कशावरून ठरवायचं? तुमच्या तुकड्याचा रिपोर्ट मात्र स्वच्छ आला: चारी बाजू मोकळ्या, तळ बाधित, म्हणजे कडांना कर्करोग नाही, तळाशी आहे. म्हणून बाजूने आणखी कापायचं नाही, डोळा काढायचा नाही, फक्त त्या जागेच्या तळाला किरण द्यायचे.

"शेक (म्हणजे किरण) दिला की डोळा जातो" ही गावातली भीती. तिच्यावर तुम्ही हसला नाहीत, किरण देणारी वाटी कशी असते ते कागदावर काढून दाखवलंत. रुथेनियम-106 ची चांदीची वाटी, जेमतेम 1 मिलिमीटर जाड. ती टाके घालून डोळ्यावर बसवतात आणि ठरलेल्या तासांनी काढतात. बीटा किरण काही मिलिमीटरमध्येच संपत जातात, मागच्या बाजूला चांदी त्यांना अडवते. रुथेनियमचं अर्धायुष्य (किरणांचा जोर निम्मा व्हायला लागणारा काळ) साधारण एक वर्ष, म्हणून आज जो डोस 20 तासांत बसतो त्याला सहा महिन्यांनी 28 तास लागतात. तारीख न बघता जुना तक्ता वापरला की डोस कमी पडतो. अशी वाटी 2020 पासून भाभा अणुसंशोधन केंद्र आपल्याच अणुकचऱ्यातून काढलेल्या रुथेनियमपासून बनवतं, हे ऐकून काका पहिल्यांदा मोकळे हसले.

भीती अर्धी खरी आहे हेही तुम्ही लपवलं नाही. वेलीच्या ऑपरेशननंतर स्ट्रॉन्शियम-90 चे किरण देण्याची पद्धत जुनी आहे. 2004 च्या एका डच चाचणीत 25 ग्रेचा (ग्रे हे किरणांच्या डोसचं माप) एकच डोस दिल्यावर 93 टक्के डोळ्यांत वेल परतली नाही, किरण न दिलेल्यांत ती फक्त 33 टक्के डोळ्यांत परतली नाही. पण उघड्या स्क्लेरावर, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, डोस जास्त पडला तर ती जागा पातळ होऊन निळसर दिसू लागते, कधी कधी कित्येक वर्षांनी. म्हणून वेलीला किरण नेहमीचे नाहीत आणि काकांची तपासणी जन्मभराची.

आणि नजर. चार्टवरची 6/9 ची ओळ वाचली म्हणजे काम झालं, असं तुम्ही मानलं नाही. चार्ट पांढऱ्यावर काळा असतो; संध्याकाळी तुरीच्या ओळीतला साप तसा नसतो. पापणी मिटून उघडल्यावर अक्षर क्षणभर स्वच्छ होऊन पुन्हा धुरकट झालं तर दोष अश्रूंच्या थराचा, तिथे प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब हवेत. पिनहोलने (बारीक भोकातून बघून) सुधारतं पण चष्म्याने नाही, तर बुबुळ खडबडीत. पिनहोलनेही नाही, तर भिंगात मोतीबिंदू शोधा. आणि तीन महिने होईपर्यंत कायमचा नंबर देऊ नका. हे तुम्ही आम्हाला फोनवर सांगितलंत, त्याही वेळी घाई न करता.

माणसाची नियत मोठ्या यंत्रापाशी कळत नाही. कुणी बघत नसताना त्याचा हात कसा चालतो यावर कळते. शंभर पेशंटांच्या रांगेत एक मिनिट थांबणारी माणसं आहेत, म्हणून तर आम्ही अजून चिठ्ठी लिहून पेशंट पुढे पाठवतो.

आमच्या ऑपरेशन थिएटरच्या ट्रेमध्ये आता कागदाचे कापलेले चौकोन असतात, निर्जंतुक पाकिटात. पेन्सिल दोनदा हरवली, म्हणून ती ट्रॉलीच्या कडीला सुतळीने बांधली आहे.

तुमचे,
तालुक्याच्या नेत्र विभागातले सहकारी