तुझी न धुतलेली साडी पाठव

युट्रेक्ट, नेदरलँड्स, २१ मार्च

प्रिय आई,

परवा फोनवर मी तुझी वापरलेली, न धुतलेली साडी मागितली तेव्हा तू एकदम गप्पच झालीस, आणि मग म्हणालीस की अगं परक्या मुलाच्या हातून मळकं कापड कसं पाठवू, तो काय म्हणेल. फोनवर नीट सांगता आलं नाही, मागे दादाची मुलं ओरडत होती आणि तुझं दूध पण गॅसवर होतं, म्हणून म्हटलं बसून लिहूनच काढावं. साडी नूरीसाठी, आमच्या मांजरीसाठी हवीये. तू आणि बाबा मे महिन्यात येताय, त्याच्या आधी तिला तुमचा वास ओळखीचा व्हायला हवा, एवढंच कारण आहे. पण ते का, हे समजायला तिची गेल्या दहा आठवड्यांची गोष्ट सांगावी लागेल.

तू सारखी विचारतेस ना की व्हिडिओ कॉलवर मांजर दिसत का नाही, आणलंय तरी का खरंच. आणलंय गं. ११ जानेवारीला आसीलमधून आणली, आसील म्हणजे इथलं बेवारशी प्राण्यांचं घर. साधारण चार वर्षांची आहे, करडी पट्टेरी, पोटाकडे पांढरी. एका म्हाताऱ्या बाईंकडे एकटीच वाढली, त्या वृद्धाश्रमात गेल्या आणि हिला आसीलमध्ये यावं लागलं. नाव होतं नूर्त्ये, तुझ्या तोंडी ते नूरी झालं आणि मग आम्हीपण तेच ठेवलं.

आपल्या चिपळूणच्या घरी मांजर कधी कुणी "आणलं" नाही. मागच्या दारानं यायचं, पडवीत विणायचं, आजी ताकातला भात घालायची की झालं आपलं. त्यामुळे मला वाटलं होतं मांजरांचं मला सगळं कळतं. आणि इथे ही पहिल्या दिवशी पिंजऱ्याचं दार उघडल्या उघडल्या जी पलंगाखाली गेली ती पार भिंतीच्या कोपऱ्यात, चारी पाय पोटाखाली घेऊन, कान आडवे पाडलेले, आणि डोळ्यांच्या बाहुल्या एवढ्या मोठ्या झालेल्या की डोळा नुसता काळा दिसत होता. आवाज नाही, हालचाल नाही. दिवसभर खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी मला राहवलं नाही, मी आडवी पडून हात घालून तिला बाहेर ओढायला गेले, आणि तिनं फिस्स करून मनगटावर चांगलं ओरबाडलं. चूक माझी होती. तिच्याकडे लपायला तेवढी एकच जागा होती आणि मी तिथेही पोचले, मग तिनं करायचं काय.

आजी म्हणते ना, कुत्रं माणसाला लागतं नि मांजर घराला. ते वाक्य मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं. मांजराचं घर म्हणजे भिंती नाहीत, वास. गाल, हनुवटी, पंजे सगळीकडे त्यांच्या वासाच्या ग्रंथी असतात, येता जाता दाराला, खुर्चीला गाल घासतात ते त्यासाठीच, ही जागा माझी आहे आणि इथे काही भीती नाही असं स्वतःलाच सांगून ठेवतात. आता विचार कर, चार वर्षं घासून घासून केलेलं ते सगळं घर एका दिवसात गेलं, मग आसीलमध्ये शंभर प्राण्यांचे वास, मग आमचं घर, जिथे फोडणीचा, उदबत्तीचा आणि दोन अनोळखी माणसांचा वास. ती आम्हाला घाबरत होती असं नाही गं, तिला काहीच ओळखीचं सापडत नव्हतं.

मग आसीलच्या बाईंनी सांगितलं तसं आम्ही सगळं घर बंद करून तिला एकच लहान खोली दिली. एका कोपऱ्यात शी-शूसाठी वाळूचा ट्रे, दुसऱ्या टोकाला खाणं, पाणी तिसरीकडे, आणि सुपरमार्केटमधून केळ्यांचं रिकामं खोकं आणून त्याला दोन बाजूंनी दोन दारं कापली, एका बाजूनं कुणी आलं तर दुसरीकडून जाता यावं म्हणून. खोक्याचं मला आधी खोटं वाटलं होतं, पण इथल्याच, युट्रेक्टच्या विद्यापीठातल्या जनावरांच्या डॉक्टरकीच्या शाखेतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये हे तपासून बघितलंय, आसीलमध्ये नवीन आलेल्या १९ मांजरांपैकी १० जणांना लपायला खोकं दिलं, ९ जणांना नाही, आणि तिसऱ्या चौथ्या दिवशी खोकंवाली मांजरं स्पष्ट शांत होती. आमच्याकडेपण तसंच झालं. लपायला मिळालं म्हणून ती बाहेर यायला लागली, उलटं वाटतं ना ऐकायला, पण खरंच असंच आहे.

खाण्याची मात्र मला फार काळजी लागली होती. मांजरानं दोन तीन दिवस काहीच खाल्लं नाही तर लिव्हरवर चरबी चढते आणि जिवावर बेततं, त्यामुळे मी किचनच्या काट्यावर खाणं वजन करून ठेवायचे आणि सकाळी परत वजन करायचे. दुसऱ्या रात्री ६ ग्रॅम कमी भरलं. आई, ६ ग्रॅम. मी तुझ्या जावयाला झोपेतून उठवून सांगितलं.

मग मी रोज संध्याकाळी त्या खोलीत जमिनीवर बसायला लागले, तिच्याकडे पाठ करून, आणि बाबांनी पाठवलेला दिवाळी अंक मोठ्यानं वाचायचे. तिच्याकडे बघायचं नाही, हाक मारायची नाही, फक्त आवाजाची सवय होऊ दे. सात आठ दिवसांनी एका संध्याकाळी कथा वाचता वाचता माझ्या कमरेपाशी काहीतरी गार टेकलं, तिचं नाक. मी वाचत राहिले, ओळी डोळ्यापुढून जात होत्या पण काय वाचतेय काही कळत नव्हतं, ती पाठीचा वास घेत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली आणि परत खोक्यात जाऊन बसली.

त्यानंतर सगळं सरळ झालं असं नाही. फेब्रुवारीत मी दोन गोष्टी एकदम बदलल्या, वाळू सुवासिक आणली आणि ट्रे बाथरूममध्ये वॉशिंग मशीनच्या शेजारी हलवला. एकदा ती ट्रेमध्ये असतानाच मशीन स्पिनला लागलं. झालं, ती त्या ट्रेकडे फिरकेना, आणि दोन दिवसांनी आजीनं शिवलेल्या गोधडीवर लघवी केली. आजीला हे सांगू नकोस, किंवा सांग, ती समजून घेईल. मला आधी वाटलं राग काढतेय, पण ती सारखी थोडी थोडी करत होती आणि एकदा त्यात रक्त दिसलं, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरकडे नेलं. तपासणीत खडे नाहीत, जंतू नाहीत, नुसती मूत्राशयाला सूज. डॉक्टर म्हणाल्या की ताणामुळे मांजरांना असं होतं, वेदनेचं औषध दिलं, ओलं खाणं आणि भरपूर पाणी सांगितलं, आणि म्हणाल्या मांजर राग म्हणून कधी घाण करत नाही. बोका असता तर लघवी अडली की काही तासात जिवावर येतं म्हणे, तेव्हा कुणी बोका पाळला आणि तो सारखा ट्रेमध्ये जाऊन बसायला लागला तर थांबायचं नाही, हे दादालापण सांग. आणि एक, ती टेबलावर घुरघुरत होती, मला वाटलं चला खूश आहे, तर डॉक्टर म्हणाल्या नाही, मांजरं भीतीनं आणि दुखतंय म्हणूनपण घुरघुरतात, अंगाकडे बघायचं, शेपूट कुठे आहे, कान कुठे आहेत. ते मला आयुष्यात माहीत नव्हतं. जुनी वाळू परत आणली, ट्रे दोन ठेवले, दोन्ही निवांत जागी. गोधडी साध्या साबणानं धुवून वास जात नाही, तिला तो येतच राहतो आणि ती परत तिथेच करते, त्यासाठी एन्झाइमवालं वेगळं क्लीनर मिळतं, त्यानं धुतली. आता व्यवस्थित आहे.

आणि कुकर! इथे चर्चच्या डोम टॉवरच्या घंटा वाजतात, चांगल्या दणदणीत, तिला त्यांचं काही नाही, लहानपणापासून ऐकल्या असतील. पण कुकरच्या पहिल्या शिट्टीला ती अशी उडाली की कपाटावरचा डबा खाली. म्हणजे आवाज किती मोठा याच्यापेक्षा ओळखीचा की अनोळखी हे महत्त्वाचं, आणि शिवाय आपल्याला २०,००० हर्ट्झपर्यंतच ऐकू येतं तर मांजराला ६०,००० च्याही पुढे, तेव्हा त्या शिट्टीत तिला काय काय ऐकू येत असेल कोण जाणे. वरण-भात तर सोडता येत नाही. मग मी शिट्टी फोनवर रेकॉर्ड केली, आणि रोज पाच मिनिटं अगदी बारीक आवाजात लावायची, इतकी बारीक की मलाच जेमतेम ऐकू यावी, आणि त्याच वेळी तिच्या आवडीची चाटायची पेस्ट चमच्यावर धरायची. चाटायची थांबली की समजायचं आवाज जास्त झाला, परत खाली यायचं. दर दोन तीन दिवसांनी एक रेघ वर. तीन आठवडे लागले. परवा पाडव्याला श्रीखंड-पुरीबरोबर बटाट्याच्या भाजीसाठी खराखुरा कुकर लावला, दार लोटून घेऊन, शिट्टी झाली तशी मी पळत जाऊन बघितलं तर खोक्यातून फक्त डोकं वर काढलेलं, एक कान माझ्याकडे एक किचनकडे, आणि परत डोकं खाली. माझ्या डोळ्यात पाणी आलं.

आता तुम्ही आलात की काय करायचं ते सांगते. मला माहितेय तुला मांजर दिसलं की माऊ माऊ करत जवळ जाऊन उचलून घ्यायची सवय आहे, पण नूरीला पहिले काही दिवस तू दिसलीसच नाही असं कर, मी खरंच सांगते. ती खोक्यात असली की ती घरातच नाही असं समजायचं. ती बाहेर येऊन लांब बसून तुझ्याकडे बघायला लागली तर टक लावून बघू नकोस, त्यांच्यात ते भांडण काढण्यासारखं असतं, हळूच डोळे अर्धे मिटायचे, क्षणभर तसेच ठेवायचे, मग उघडायचे. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठानं २०२० मध्ये यावर प्रयोग केला होता, माणसानं असे डोळे मिचकावले तर मांजरंही उलट मिचकावतात आणि अनोळखी माणसाजवळसुद्धा जास्त येतात. नूरी मला आता रोज रात्री असं करून दाखवते, तू करून बघ, तुला जमेल, तू आजारी वासराजवळ अशीच बसायचीस ते मला आठवतंय. ती जवळ आली तर एक बोट तिच्या नाकाच्या उंचीवर धर आणि थांब. तिनं गाल घासला तर गालावर, हनुवटीखाली दोन तीनदा खाजवायचं आणि आपण होऊन हात काढायचा. पोटाला हात नाही. उताणी पडली म्हणजे पोट खाजव असं म्हणत नसते ती.

वाटीत दूध ठेवू नकोस, मोठ्या मांजरांना बहुतेक पचत नाही. कांदा-लसणाचं काही नको. बाबांच्या पॅरासिटामॉलच्या गोळ्या टेबलावर सुट्या ठेवायच्या नाहीत, एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. आणि शनिवारी यान्सकेर्कहोफच्या चौकात फुलांचा बाजार भरतो, मी तुला नेणारच आहे, हवी तेवढी फुलं घे पण लिली नको. लिलीचा पराग अंगावर पडून चाटला किंवा फुलदाणीतलं पाणी प्यायलं तरी मांजराची किडनी जाते. बाबांना शिंकेचं मात्र काही सांगू नकोस, त्यांनी आपलं मोकळेपणानं शिंकावं, मी त्यांच्या शिंकेचंपण रेकॉर्डिंग दादाकडून मागवणार आहे.

तर साडी. मी ती खोलीत एका कोपऱ्यात ठेवीन, तिच्या खोक्यात घालणार नाही, तिच्या अंगावर तर नाहीच. ती आपली आपण जाऊन हुंगेल, पहिल्या दिवशी लांबून, मग कधीतरी तिच्यावर गाल घासेल, मग त्यात तुझा नि तिचा वास एक होईल. तेव्हा मी ती साडी बाहेरच्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीवर ठेवीन, जिथे तू बसणार आहेस. तू आलीस की तुझा चेहरा तिला नवा असेल, पण तू नवी नसशील. मला आत्ता तेवढंच करता येण्यासारखं आहे, बाकी तिच्यावर आहे, दोन दिवस लागोत नाहीतर दोन महिने, तू तीन महिने आहेसच.

दादाच्या ऑफिसमधला मुलगा १२ एप्रिलला निघतोय. ती निळी सुती साडी पाठव, घरात नेसतेस ती, दोन दिवस नेसून झाल्यावर तशीच, आणि बाबांचा एक बनियन. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाठ घट्ट मार म्हणजे त्या मुलाला कळणारपण नाही. फक्त कपाटात ठेवू नकोस, डांबरगोळ्यांचा वास लागतो आणि तो मांजरांना बाधतो.

तुझी,
लेक